बारा खांब, तीस अंश

जुन्नर शहराच्या पश्चिमेला चारेक किलोमीटरवर, पाडळीच्या बाजूच्या डोंगरात तुळजा लेणी आहेत. तिथल्या तिसऱ्या लेण्यात शिरा आणि मान वर करा. चैत्यगृह म्हटलं की आपल्याला कार्ले-भाज्याची लांबट, मागच्या टोकाला अर्धगोल होणारी दालनं आठवतात. हे मात्र चक्क गोल आहे! मधोमध स्तूप, स्तूपाभोवती बारा अष्टकोनी खांब, आणि खांबांवर घुमट. हा घुमट कुणी बांधलेला नाही, कातळ आतून पोखरून काढलेला आहे. काम इसवीसनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराचं. गोल चैत्यगृहं भारतात मोजकीच आहेत. राजस्थानातलं बैराट आणि आंध्रातलं गुंटुपल्ली अशी दोन-चार नावं घेतली की यादी संपत येते, आणि त्यातलं हे एक आपल्या जुन्नर तालुक्यात आहे.

फर्ग्युसन आणि बर्जेस यांनी १८८० साली लेण्यांवरच्या त्यांच्या ग्रंथात याची मापं दिली आहेत. दालनाचा व्यास साडेपंचवीस फूट, स्तूपाचा आठ फूट दोन इंच, खांबांची उंची अकरा फूट. आता मला सांगा, बारा खांब गोलात, सारख्या अंतरावर, तेही अखंड कातळात सोडायचे तर खुणा कशा करणार? एक खांब चार बोटं सरकला तर शेवटच्या दोन खांबांमधली फट पाहणाऱ्याच्या डोळ्यांत खुपणार. आणि कोरलेला खांब उचलून बाजूला ठेवता येत नाही.

हाच प्रश्न आज मंचर किंवा नारायणगावच्या एखाद्या इंजिनिअरच्या ऑफिसात कॅडवर, म्हणजे संगणकावर नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरवर, बसलेल्या मुलीला द्या. एक खांब काढेल, ‘पोलर अ‍ॅरे’ म्हणेल, बारा आकडा टाकेल, झालं. दहा सेकंदांचं काम! पण त्या दहा सेकंदांत पडद्यामागे काय घडतं? ते कळलं तर हे सॉफ्टवेअर शिकणं पाठांतराचं काम राहत नाही. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की, क्लासच्या पुस्तकातला काल्पनिक टू-बीएचके काढून कॅड शिकू नका. खरी जागा घ्या, टेप लावता येईल अशी, आपल्या तालुक्यातली. आपण हे गोल लेणंच काढू.

सुरुवात एका साध्या रेषेपासून. कागदावर रेघ ओढली की शाई सुरुवातीपासून शेवटपर्यंत पसरते. कॅडमध्ये रेघ काढली की फाइलमध्ये काय साठतं? फक्त दोन बिंदू! कुठून निघाली आणि कुठे पोचली एवढंच. मधली रेघ कुठेही साठवलेली नसते, पडद्यावर दाखवायच्या क्षणी ती दर वेळी नव्याने काढली जाते. म्हणून एक मिलिमीटरची रेघ आणि जुन्नर ते भीमाशंकर एवढी रेघ फाइलमध्ये सारखीच जागा खाते. वर्तुळाला तर एक केंद्र आणि एक त्रिज्या पुरते.

पटत नसेल तर स्वतः बघा. नवी फाइल उघडा, एकक मिलिमीटर ठेवा, ‘सर्कल’ कमांड द्या, केंद्र शून्य-शून्यला ठेवा आणि त्रिज्या ३८८६.२ द्या. साडेपंचवीस फुटांचे ७७७२.४ मिलिमीटर होतात, त्याचं हे निम्मं. आता फाइल डीएक्सएफ प्रकारात सेव्ह करा आणि ती फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडा. आकड्यांची लांबलचक रांग दिसेल. त्यात ‘सर्कल’ हा शब्द शोधा. त्याच्या खाली थोडं उतरा. एका ओळीवर ८ लिहिलेलं असेल, त्याखाली लेअरचं नाव. मग १० आणि त्याखाली केंद्राचा एक्स. २० आणि त्याखाली वाय. ३० खाली झेड. आणि ४० या आकड्याखाली चक्क ३८८६.२! दोन हजार वर्षांपूर्वी कातळात कोरलेली ती गोल भिंत तुमच्यासमोर साध्या मजकुरात उभी असते. तो आकडा नोटपॅडमध्येच वाढवा, सेव्ह करा, कॅडमध्ये फाइल पुन्हा उघडा. वर्तुळ मोठं झालेलं असेल, माउसला हातही न लावता.

ही कल्पना सुचली कुणाला? अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये आयव्हन सदरलंड नावाचा एक विद्यार्थी पीएचडी करत होता. १९६३ साली त्याने ‘स्केचपॅड’ नावाचा प्रोग्रॅम सादर केला. टीएक्स-२ नावाच्या अवाढव्य संगणकाच्या पडद्यावर तो प्रकाशाच्या पेनाने रेघा काढायचा, आणि या दोन रेघा समांतर ठेव, त्या दोन सारख्या लांबीच्या कर, असं संगणकाला सांगायचा. संगणक ऐकायचा! ज्या काळात संगणकाशी बोलणं म्हणजे पंच केलेल्या कार्डांचा गठ्ठा देणं, त्या काळात हे घडलं. पुढे डिसेंबर १९८२ मध्ये ऑटोकॅड बाजारात आलं आणि हेच काम टेबलावर मावणाऱ्या संगणकावर होऊ लागलं.

आपल्याकडच्या जुन्या ड्राफ्ट्समनना विचारा, त्याआधी काय होतं ते. मोठा ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, सेटस्क्वेअर, ट्रेसिंग पेपर आणि रोट्रिंगची पेनं. भिंत चुकली की ब्लेडच्या कडेने शाई हलक्या हाताने खरवडायची, कागद फाटू न देता, मग त्याच जागी नवी रेघ. कॉपी हवी तर अमोनिया प्रिंट, तिचा वास दिवसभर कपड्यांना. त्या मंडळींच्या हाताला जी शिस्त होती ती आजही उपयोगी पडते, हे मी मुद्दाम सांगतो. कॅडवर उत्तम काम करणारी अनेक माणसं त्याच बोर्डावरून आलेली आहेत.

बोर्डावरचा पहिला निर्णय स्केलचा असायचा. एकास शंभर की एकास पन्नास? कॅडमध्ये हा निर्णय सुरुवातीला घ्यायचाच नसतो. इथे सगळं खऱ्या मापात काढायचं. साडेपंचवीस फुटांचं लेणं साडेपंचवीस फुटांचंच. स्केल येतो शेवटी, ले-आउटच्या कागदावर. ही एक गोष्ट मनात पक्की बसली की नवशिक्यांच्या निम्म्या अडचणी संपतात.

पण खरं माप किती मोठं चालेल? ऑटोकॅडसोबत एके काळी सूर्यमालेचा एक नमुना-नकाशा मिळायचा. प्लूटोच्या कक्षेपासून सुरुवात करायची आणि झूम करत जायचं. पृथ्वी, मग चंद्र, मग चंद्रावरचं एक विवर, त्यात उतरलेलं यान, आणि त्या यानाच्या पायावरची पाटी. सगळं एका फाइलमध्ये, खऱ्या मापात! हे शक्य होतं, कारण प्रत्येक आकडा पंधरा-सोळा अंकांपर्यंत नेमका धरून ठेवला जातो. हिशेब करून बघा. प्लूटो सूर्यापासून सरासरी ५९० कोटी किलोमीटरवर आहे. एवढ्या अंतरावरचा बिंदू मीटरमध्ये साठवला तरी चूक जेमतेम एक मिलिमीटरच्या घरात राहते. आणि आपण तेच हत्यार घेऊन दहा बाय बाराची खोली काढत असतो.

एवढी अचूकता हातात असताना नकाशे चुकतात कशाने? आपल्या डोळ्यांनी. दोन भिंती कोपऱ्यात भिडल्यासारख्या दिसतात, आपण पुढे जातो, आणि मधे अर्ध्या मिलिमीटरची फट राहते. मग हॅच भरायला गेलं की भरत नाही, क्षेत्रफळ काढायला गेलं की निघत नाही. यावर उपाय ‘ऑब्जेक्ट स्नॅप’, म्हणजे एफ ३ ची कळ. ती चालू असली की तुम्ही कोपऱ्याच्या जवळपास क्लिक केलं तरी कर्सर उडी मारून अगदी त्याच बिंदूवर बसतो. रेघेचं टोक, मध्य, वर्तुळाचं केंद्र, दोन रेघांचा छेद, हे सगळे बिंदू त्याला ठाऊक असतात. पडद्यावर बघून अंदाजाने क्लिक करायचं नाही, कधीच नाही. एकतर स्नॅप, नाहीतर आकडा.

आता खांब. अष्टकोनासाठी ‘पॉलिगॉन’ कमांड आहे. ती विचारते, बाजू किती? आठ. मग ती आणखी एक प्रश्न विचारते, आणि इथे बहुतेक जण न वाचता एंटर दाबतात. अष्टकोन वर्तुळाच्या आत बसवायचा की वर्तुळाच्या बाहेरून? लेण्यात टेप धरून उभे राहिलात तर तुम्ही खांबाची जाडी कशी मोजाल? एका सपाट बाजूपासून समोरच्या सपाट बाजूपर्यंत. म्हणजे ते वर्तुळ अष्टकोनाच्या आत आहे, अष्टकोन त्याच्या बाहेरून. दुसरा पर्याय निवडायचा आणि मोजलेल्या जाडीचं निम्मं त्रिज्या म्हणून द्यायचं. पहिला निवडलात तर खांब बारीक होईल, आणि नकाशा बघून कुणाला कळणारही नाही. सांगायचं एवढंच की पडद्याच्या तळाशी कमांड लाइनवर जे छोटे प्रश्न उमटतात ते वाचा. सॉफ्टवेअर सतत तुमच्याशी बोलत असतं. ते ऐकणारा महिन्याभरात तयार होतो.

पहिला खांब केंद्रापासून मोजलेल्या अंतरावर, सरळ उजवीकडे ठेवला. आता पोलर अ‍ॅरे. केंद्र दाखवा, नग बारा, पूर्ण ३६० अंश. प्रत्येक दोन खांबांमध्ये ३६० भागिले १२, म्हणजे तीस अंश. सॉफ्टवेअर अष्टकोनाचा प्रत्येक कोपरा उचलतं, साइन आणि कोसाइनच्या छोट्या गुणाकारांतून फिरवतं आणि नवी जागा लिहून ठेवतं. दुसऱ्या खांबाच्या केंद्रावर कर्सर नेऊन बघा. त्याचा वाय त्रिज्येच्या बरोबर निम्मा असतो, कारण तीस अंशांची साइन म्हणजे नेमका अर्धा. शाळेत दहावीला पाठ केलेला तो तक्ता, हा बघा इथे कामाला आला!

पण कोसाइन ठाऊक नसलेल्या पाथरवटाचं काय? तीस अंश काढायला दोरी आणि खुंटी पुरते. वर्तुळ काढा. दोरीची लांबी तीच ठेवा आणि परिघावरच्या एका खुणेपासून परिघावर तेवढ्याच लांबीची पावलं टाकत जा. सहाव्या पावलाला तुम्ही बरोबर निघालेल्या जागी परत येता. ना पुढे, ना मागे! त्रिज्या परिघावर नेमकी सहा वेळा बसते. मग प्रत्येक दोन खुणांच्या मधोमध आणखी एक खूण, झाले बारा. हे कॅडमध्येही करून बघा, अ‍ॅरे न वापरता, नुसती वर्तुळं आणि त्यांचे छेदबिंदू घेऊन. मग अ‍ॅरेने काढलेल्या खांबांवर ते ठेवा. दोन्ही तंतोतंत जुळतात.

खांबांची जाडी आणि भिंतीपासूनचं अंतर मी मुद्दाम देत नाही. ते टेप घेऊन स्वतः मोजायचं. मोजताना एक गोष्ट कळेल, जी कोणत्याही क्लासमध्ये कळत नाही. खऱ्या जागा काटकोनात नसतात. जुन्नरच्या पेठेतला जुना वाडा घ्या किंवा आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातलं कुडाचं घर. चार भिंती मोजल्या, कॅडमध्ये काढायला बसलात, आणि चौथी भिंत पहिलीला भिडतच नाही. का? कारण चार बाजूंची मापं चौकोनाला घट्ट धरून ठेवत नाहीत, तो कलू शकतो. त्रिकोण मात्र कलत नाही. म्हणून प्रत्येक खोलीचा एक तरी कर्ण मोजायचाच. मग एका भिंतीच्या दोन टोकांवर दोन वर्तुळं काढायची, एकाची त्रिज्या पुढच्या भिंतीएवढी, दुसऱ्याची कर्णाएवढी. ती जिथे छेदतात तिथे तुमचा कोपरा. भारताचा नकाशा ज्याने उभा केला त्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचं मूळ तत्त्व हेच, त्रिकोण पकडा.

आणि अशा वेळी एफ ८ ची ऑर्थो कळ बंद ठेवा. ती चालू असली की सॉफ्टवेअर प्रत्येक रेघ आडवी नाहीतर उभीच काढतं. कललेली भिंत सरळ होऊन बसते आणि नकाशा देखणा, पण खोटा होतो. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. बोर्डावर चुकीचा नकाशा निदान गबाळा दिसायचा. कॅडमध्ये चुकीचा नकाशाही तितकाच सुबक दिसतो.

भिंती झाल्या, आता जमीन. आपल्याकडे जमिनीची गोष्ट गुंठ्यात चालते. ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फुटांचा एक गुंठा. पण शेताचे बांध असे सरळ कुठे असतात? भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीची ‘क’ प्रत बघा, आठ-दहा कोपरे, एकही बाजू दुसरीसारखी नाही. कॅडमध्ये बांधावरून एक बंद पॉलिलाइन फिरवा, ‘एरिया’ कमांड द्या, उत्तर तयार. सॉफ्टवेअरने आतल्या जमिनीकडे पाहिलंही नाही! त्याने फक्त बांधावरून चक्कर मारली. मग आतलं क्षेत्र त्याला कळलं कसं?

आपल्या गुंठ्यावरच करून बघू. कोपरे डाव्या बाजूला खालून सुरू करा: (०, ०), (३३, ०), (३३, ३३), (०, ३३). प्रत्येक बाजूसाठी एकच काम करायचं. या कोपऱ्याचा एक्स गुणिले पुढच्याचा वाय, त्यातून वजा पुढच्याचा एक्स गुणिले या कोपऱ्याचा वाय. पहिल्या बाजूला शून्य. दुसऱ्या बाजूला १०८९. तिसरीला पुन्हा १०८९. चौथीला शून्य. बेरीज २१७८, तिचं निम्मं १०८९. एक गुंठा! कोपरे दहा असोत की हजार, बांध कितीही वाकडा असो, हीच कृती चालते, फक्त बांधाने स्वतःलाच छेदता कामा नये. मला या सूत्राचं आश्चर्य अजून ओसरलेलं नाही.

इथे एककांची खबरदारी घ्या. गिऱ्हाईक फुटांत बोलतं, मंजुरीचा नकाशा मीटरमध्ये जातो आणि बांधकामाचे डिटेल मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याकडून आलेली फाइल उघडली की सर्वात आधी एखादा दरवाजा मोजा. ९०० आलं तर मिलिमीटर, ०.९ आलं तर मीटर, ३ आलं तर फूट. फूट असलेली फाइल मिलिमीटरमध्ये आणायची तर ‘स्केल’ कमांडला ३०४.८ द्या. आणि सर्व्हेअरची फाइल उघडल्यावर पडदा कोरा दिसला तर घाबरू नका, झेड आणि मग ई, म्हणजे झूम एक्स्टेंट्स. जीपीएसवर मोजलेल्या नकाशात जुन्नरचा वाय सुमारे २१ लाख मीटर येतो, कारण तो विषुववृत्तापासून मोजलेला असतो. तुमचं अर्ध्या एकराचं शेत तिकडे लांब बसलेलं असतं, एवढंच.

जुन्नर तालुक्यातच, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस रेडिओ दुर्बिणी. १४ मध्यभागी, साधारण एक चौरस किलोमीटरात, आणि १६ इंग्रजी वायच्या तीन भुजांवर, २५ किलोमीटर परिसरात पसरलेल्या. समजा, याचा मांडणी-नकाशा तुम्हाला काढायचा आहे. तबकडी तीस वेळा काढणार? तबकडी एकदाच काढायची आणि तिचा ‘ब्लॉक’ करायचा. फाइलमध्ये तबकडीची रेखाटणी एकदाच साठते, आणि तीस ठिकाणी फक्त ‘इथे तो ब्लॉक ठेव’ एवढी नोंद. मोदकाच्या साच्यासारखंच हे, पण साच्यात एक नवी कळी कोरली तर ताटातल्या आधीच्या तीसही मोदकांवर ती कळी उमटावी, असा साचा! मूळ तबकडीत आधाराचा एक दांडा वाढवा, तीसही जागी तो दिसू लागतो. ही कल्पनाही सदरलंडच्या १९६३ च्या प्रोग्रॅममध्ये होती.

ब्लॉक करताना एक नेम पाळा. त्यातल्या रेघा ‘शून्य’ नावाच्या लेअरवर काढा. मग तो ब्लॉक ज्या लेअरवर ठेवाल त्याचा रंग घेतो. भिंतींच्या लेअरवर ठेवला तर भिंतीचा, फर्निचरच्या लेअरवर ठेवला तर फर्निचरचा. दारं, खिडक्या, संडासाची भांडी, कांदाचाळीचे खांब, जे जे पुन्हा पुन्हा येतं त्या सगळ्यांचे ब्लॉक करून एका फोल्डरमध्ये साठवत चला. दोन वर्षांनी तोच तुमचा खजिना होतो.

लेअर हा विषय नवशिक्यांना कंटाळवाणा वाटतो. भिंत एका लेअरवर, दारं दुसऱ्या, मापं तिसऱ्या, मजकूर चौथ्या. सगळं एकाच लेअरवर काढलं तरी नकाशा तसाच दिसतो की, मग हा खटाटोप कशाला? कारण नकाशा आता फक्त माणूस वाचत नाही. पुण्याच्या सॉफ्टटेक कंपनीने ‘ऑटो-डीसीआर’ नावाची प्रणाली तयार केली. बांधकाम मंजुरीसाठी आलेली कॅडची फाइल ती स्वतः वाचते आणि नियमांशी ताडून बघते. समोर किती जागा सोडली, जिना किती रुंद, खोलीला खिडकी पुरेशी आहे का. पण तिला डोळे कुठे आहेत? ही रेघ प्लॉटची हद्द आहे आणि ती रेघ इमारतीची, हे तिला लेअरच्या नावावरूनच कळतं. डीएक्सएफमध्ये आपण पाहिलेला तो ८ आकडा आणि त्याखालचं नाव आठवा. लेअर चुकला की तुमची भिंत तिच्या लेखी अस्तित्वातच नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून लेअरची सवय लावा, खोली एकच असली तरी.

आंबेगावच्या डोंगराळ भागात काम करणाऱ्यांनी आणखी एक लेअर कधीही बंद ठेवू नये, समपातळी रेषांचा, म्हणजे काँटूरचा. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. घर कुठे आणि किती उतारावर बसतंय हे प्लॅनमधल्या चौकोनी भिंतींवरून कळत नाही, काँटूरवरून कळतं. पाच मीटर उंचीच्या फरकाच्या दोन रेषांमध्ये नकाशात दहा मीटर अंतर असेल, तर उतार दोनास एक, म्हणजे जवळजवळ २७ अंश. रेषा जितक्या दाटीने, तितका चढ उभा. कड कुठून तुटते हे भूवैज्ञानिकाने सांगायचं, पण त्याला विचारायला हवं हे ड्राफ्ट्समनला नकाशावरच दिसू शकतं. प्लॅनसोबत डोंगराचा छेदही काढा, वरच्या अंगाला घरापासून बराच लांबपर्यंत.

काही गोष्टी झटपट सांगून टाकतो. डावा हात कीबोर्डवर, उजवा माउसवर. एल म्हणजे लाइन, ओ म्हणजे ऑफसेट, टीआर म्हणजे ट्रिम, सीओ म्हणजे कॉपी, एमआय म्हणजे मिरर. अशा डझनभर कमांड आल्या की रोजचं बहुतेक काम निघतं, आणि स्पेसबार दाबला की शेवटची कमांड पुन्हा सुरू होते. नकाशावर मराठी लिहायचं तर टेक्स्ट स्टाइलमध्ये मंगलसारखा युनिकोड फाँट निवडा. कॅडचे स्वतःचे एसएचएक्स फाँट देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं उमटवतात. लाइट कधी जाईल याचा आपल्याकडे भरवसा नाही, तेव्हा ऑटोसेव्ह दहा मिनिटांवर ठेवा. आणि फाइल बिघडलीच तर शेजारची ‘बॅक’ फाइल शोधा, तिच्या नावाचा शेवट बदलून डीडब्ल्यूजी करा, आधीचं काम परत मिळतं. सॉफ्टवेअर महाग आहे म्हणून कुणी थांबू नये. विद्यार्थ्यांना ऑटोकॅड शिकण्यासाठी मोफत मिळतं, लिब्रेकॅड आणि फ्रीकॅड तर सगळ्यांनाच मोफत आहेत. आयटीआयचा ड्राफ्ट्समन सिव्हिल हा दोन वर्षांचा ट्रेड करणाऱ्या मुलामुलींनी घरी सरावासाठी ते आजच उतरवून घ्यावेत.

हात बसला की त्रिमितीकडे वळा. त्यासाठी चला लेण्याद्रीला. गिरिजात्मज गणपतीचं मंदिर ज्या सातव्या लेण्यात आहे, ते दालन सुमारे १७.३७ मीटर लांब, १५.५४ मीटर रुंद आणि ३.३८ मीटर उंच आहे. आणि एवढ्या छताखाली एकही खांब नाही! आज एखाद्या इंजिनिअरला पन्नास फूट रुंदीची, मधे कॉलम नसलेली खोली मागून बघा, तो आधी बीमची खोली किती येईल याचा हिशेब मांडेल.

घर काढताना आपण भिंती उभ्या करतो. लेण्यात उलटं करायचं. आधी डोंगर म्हणून एक मोठा ‘बॉक्स’ काढा. मग दालनाच्या मापाचा दुसरा बॉक्स त्याच्या आत सरकवा. आता ‘सबट्रॅक्ट’ कमांड द्या, पहिल्यातून दुसरा वजा. आतली पोकळी तयार! त्या कारागिरांनी हेच केलं होतं, वरून खाली, छतापासून जमिनीकडे. फरक इतकाच की तुमच्याकडे कंट्रोल-झेड आहे.

वजा करण्याआधी आतल्या बॉक्सला ‘मासप्रॉप’ कमांड द्या. ती घनफळ सांगते, सुमारे ९१२ घनमीटर. आपल्या सह्याद्रीचा बेसॉल्ट घनमीटरला पावणेतीन टनांहून जड. म्हणजे या एका दालनातून अडीच हजार टनांच्या आसपास दगड, छिन्नी-हातोड्याने फोडून, त्या कड्यावरून खाली गेला. आणि अजून खोल्या राहिल्याच आहेत. दोन्ही बाजूंना सात-सात, मागे सहा, एकूण वीस. एक खोली मोजा, तिचा बॉक्स काढा, बाजूच्या भिंतीवर सरळ रेषेत अ‍ॅरे करा. मग प्रत्यक्ष लेण्यात जाऊन एकेक खोली मोजून दुरुस्त करा, कारण त्या सगळ्या सारख्या मापाच्या नाहीत. मागच्या सहांतल्या मधल्या दोन खोल्यांची एक करून तिथे गणपती बसलेला आहे, तेव्हा त्या दोघींमधली भिंतही वजा करायला विसरू नका.